पेटी आणि कोरं कापड

आमच्या भागात कुणी गेल्याचा निरोप आला की ख्रिस्ती माणूस दोन प्रश्न विचारतो. माती किती वाजता, आणि पेटी सांगितली का? कशानं गेला हे तिसऱ्या नंबरला येतं. पहिल्या प्रश्नात नवल नाही, माती द्यायला तर सगळ्यांनाच जायचं असतं. दुसरा प्रश्न मात्र आमचाच. शेजारच्या मराठ्याच्या घरी सरणाची लाकडं, मुसलमानाच्या घरी कफन, आणि आमच्याकडे पेटी.

शवपेटी हा छापील शब्द झाला. बोलताना नुसती पेटी. वाजवायची पेटी, कपड्यांची पेटी आणि ही पेटी, तिन्हींना शब्द एकच, पण आजवर कुणाचा घोटाळा झालेला नाही. म्हणणाऱ्याच्या आवाजावरूनच कळतं.

नेवासा तालुक्यातलं आमचं गाव. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. आमच्या घरापर्यंत प्रभू पोचायला मात्र १८७६-७८ चा मोठा दुष्काळ उलटावा लागला. पणज्यानं बाप्तिस्मा घेतला, महारवाड्यातली आणखी काही घरं त्याच्या मागं गेली. त्याबरोबर शाळा आली, रविवार आला, नावं बदलली, आणि मेल्यावर पेटी आली. ती काही लगेच आली नाही. पणजा स्वतः घोंगडीतच गेला म्हणतात. पहिली पेटी मिळाली ती आज्याच्या थोरल्या भावाला. हे आमच्या घरात अशा थाटात सांगतात, जसं दुसऱ्या घरात पहिला मॅट्रिक कोण झाला ते सांगतात.

माझ्या लहानपणी पेटी विकत मिळत नव्हती. रात्री कुणी गेलं की वस्तीतल्या सुतारमामाच्या ओट्यावर गॅसबत्ती पेटायची. मामा नगरला मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकून आलेले. मयताच्या घरी ते एक कळकाची काठी घेऊन जायचे, उंचीला आणि खांद्याला माप घ्यायचे, काठीवर दोन खुणा करायचे. पेटी झाली की ती काठी मोडून पेटीतच टाकायची. ते माप कुणाला घरात नको असायचं. फळ्या कधी आंब्याच्या, कधी लिंबाच्या, आणि घरात पैसा नसला तर खोक्याच्या. रात्रभर करवतीचा आवाज यायचा. आम्ही पोरं गोधडीत पडून तो ऐकायचो. पहाटे करवत थांबायची आणि रंधा सुरू व्हायचा. मग बाहेरून काळं कापड, बारीक चुका, वर पांढऱ्या फितीचा क्रूस. लेकरू असलं तर कापड पांढरं. आत भुसा, लिंबाचा पाला, कापूर. झाकणाचे खिळे अर्धेच ठोकून आणायचे, कारण तोंड बघायला लोक बाहेरगावाहून यायचे असायचे. उपासना संगीतातलं शेवटचं गीत झालं की मामा हातोडा घ्यायचे. त्या ठोक्यांना जेवढा हंबरडा फुटायचा तेवढा मेल्याच्या घटकेलासुद्धा फुटत नसे.

हे एवढं सांगितलं, कारण आमच्या आत्यानं पेटी नाकारली तेव्हा तिनं नेमकं काय नाकारलं ते कळायला हवं.

आत्या मिशनच्या दवाखान्यात नर्स. चौतीस वर्षं नोकरी. लग्न केलं नाही, म्हणजे ठरलेलं मोडलं आणि नंतर तिनं ठरू दिलं नाही. पेन्शनीत निघाल्यावर गावात येऊन आमच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून राहिली. वस्तीतली बाळंतपणं, इंजेक्शनं, आणि कुणी गेलं की धुणं-पुसणं, जबडा बांधणं, हातपाय सरळ करणं, हे सगळं तिच्याकडे. किती माणसं तिनं शेवटची आवरली असतील याचा तिनंही हिशेब ठेवला नव्हता.

एका रविवारी जेवताना ती माझ्या वडिलांना म्हणाली, "भाऊ, मला पेटीत घालू नका. कोऱ्या मांजरपाटात गुंडाळा आन् तसंच ठेवा. मी कापड आणून ठेवलंय."

आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा जेवता जेवता थांबले. "काय बोलती आक्के? येड लागलं का?"

"येड कशाचं? खोकं कशाला पाहिजे मला? मी काय द्राक्षं हाय का?"

दादा ताटावरून उठले. माणूस पोट भरल्याशिवाय उठणारा नव्हे.

माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला आधी वाटलं, आत्याचं बरोबर, दादांचा जुना हट्ट. पेटीला सहा-सात हजार, चांगली हवी तर पंधरा. लाकूड तुटतं. काळ्या रानात पहिल्या पावसाळ्यातच झाकण दबतं आणि कबर खचते, मग घरातल्या माणसाला टोपली-फावडं घेऊन पुन्हा भर टाकायला जावं लागतं. हे मीही केलेलं आहे, आणि ते काम सोपं नाही. मातीचं नाही म्हणत मी. वसईकडच्या काही कॅथलिक धर्मग्रामांतही अलीकडे पेटीशिवाय कापडात दफन सुरू झालंय. तेव्हा शहाणपण कुठल्या बाजूला हे उघड दिसत होतं.

दादा दोन दिवसांनी बोलले. रानात, मोटर चालू करून बांधावर बसल्यावर. त्यांनी जे सांगितलं ते अर्धं मला पुस्तकातून माहीत होतं. आपल्याच घरातलं म्हणून कधी कळलेलं नव्हतं.

महारकीत जी कामं होती त्यात मयताचा सांगावा गावोगाव पोचवणं होतं, सरणाची लाकडं वाहणं होतं. आणि त्या बदल्यात जे हक्क होते त्यातला एक हक्क होता मढ्यावरचं कापड. गावातलं कुणी गेलं की प्रेतावर घातलेलं लुगडं, धोतर, उपरणं महारानं घ्यायचं. हक्क म्हणायचं त्याला! दादांची आजी, म्हणजे माझी पणजी, जन्मभर तसलंच लुगडं नेसली. "आजी सांगायची," दादा म्हणाले, "नदीवर चार डाव धुतलं तरी त्याचा वास मोडत नसं. कापूर आन् गुलालाचा. सणाला नवं म्हून तेच नेसायचं. आन् आपलं मानूस मेलं तर त्याला काय घालायचं? त्याच लुगड्याचं धडुतं. मेलेल्याच्या अंगावरचं काढून आपन नेसायचं, आन् आपल्या मेलेल्याला तेच घालायचं. असं होतं ते. पेटी आली तवा ते सुटलं. चार फळ्या, वर झाकन, खिळे. ह्यातलं काढून घ्यायचं कुनाला काही नाही आन् ह्यात कुनी दिलेलं काही नाही. आन् आक्का म्हनती कापडात घाला!"

१९५८ च्या कायद्यानं ते वतन गेलं. दादांच्या डोक्यातून ते कापड गेलं नव्हतं.

या दोघांच्या मध्ये मी बरेच महिने होतो. दोघंही एकाच पणजीची नातवंडं. एकाला पेटीत मान दिसत होता आणि एकीला कापडात, आणि दोघं खोटं बोलत नव्हते. मान वस्तूत नसतो, मनात असतो, हे म्हणायला सोपं आहे. ज्याच्या घरात मान वस्तूनंच मोजून नाकारला गेला त्याच्यासमोर बसून हे म्हणून दाखवावं. मला तरी जमलं नाही.

आत्याचं कारण तिनं मला वेगळं सांगितलं. दवाखान्यात असताना एका ऊसतोडणीच्या जोडप्याचं पोर गेलं. दोन वर्षांचं. आमच्यापैकीच, ख्रिस्ती. बाप सकाळी गेला तो पेटीच्या पैशाला. मुकादमाकडे गेला, त्यानं टोलवलं. पाव्हण्याकडे गेला. दिवस मावळायला पेटी घेऊन आला, अंगावर आणखी उचल घेऊन. तोवर ती बाई पोराला मांडीवर घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलेली. मे महिना होता. "मी तिला म्हणलं," आत्या सांगत होती, "अगं पेटी नाही मिळाली तर काय, माझ्याकडं पांढरी चादर आहे, कोरी. तर ती म्हणती, सिस्टरबाई, लोक म्हनतील लेकराला तसंच टाकलं. बघ आता. उन्हात बसलीय, लेकराला मुंग्या लागायला लागल्यात, पण तसंच टाकलं म्हणतील म्हणून बसलीय. त्या बाईला मी काय सांगणार? मी सांगून तिला पटणार नाही. मी जाऊन दाखवलं तर पटंल. मी पेन्शनवाली बाई, घर माझ्या नावावर, मला पेटी परवडती हे गावाला ठाऊक आहे. मी कापडात गेले तर कापडाला कुणी तसंच टाकलं म्हणायचं नाही."

मी त्या वेळी गप्प बसलो. पुढं वाचता वाचता एक गोष्ट हाताला लागली आणि मला आत्याच आठवली. यहुद्यांच्या तालमूद ग्रंथात ती आहे. पूर्वी त्यांच्यात मयताचा खर्च एवढा वाढला होता की नातेवाइकांना मरणापेक्षा तो खर्च जड जायचा. लोक प्रेत टाकून पळून जायचे. तेव्हा रब्बान गमलिएल नावाचे मोठे धर्मगुरू होते. त्यांनी सांगून ठेवलं की मला साध्या तागाच्या वस्त्रात न्या. मोठा माणूस साध्या कापडात गेला, तेव्हा बाकीच्यांनाही तसं जाता आलं. पुढच्या एका रब्बीच्या काळापर्यंत तर एका नाण्याच्या जाड्याभरड्या कापडातही लोक जाऊ लागले होते. त्याच पानावर आणखी एक आहे. श्रीमंतांची तोंडं उघडी ठेवून नेत आणि गरिबांची झाकून, कारण दुष्काळानं गरिबांचे चेहरे काळवंडलेले असत. गरीब लाजायचे. म्हणून मग सगळ्यांचीच तोंडं झाकायचं ठरलं. दुष्काळानं काळवंडलेला चेहरा म्हणजे काय हे नगर जिल्ह्याला समजावून सांगायला नको.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना लोक शनिवार तेली म्हणायचे, घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, तेही मराठीच बोलत आले आणि पांढऱ्या वस्त्रातच जात आले. आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. तिला तिची ती पायरीवरची बाई माहीत होती.

पाळकसाहेबांकडे ती स्वतः गेली. मी बरोबर होतो. पाळकसाहेब तरुण, भला माणूस, पण मंडळीला भिऊन असलेला. म्हणाले, "आत्या, लोक म्हणतील, पेटी नाही तर मग आपण आणि बाकीचे वेगळे कसे? कापडात तर मुसलमान. तिरडीवर न्यावं तर लोक म्हणतील हे परत फिरले."

आत्या म्हणाली, "साहेब, प्रभूला पेटी होती का?"

साहेब हसले. त्यांना उत्तर माहीतच होतं. अरिमथाईच्या योसेफानं देह मागून घेतला, निकदेमानं गंधरस आणला, आणि तागाच्या वस्त्रांत गुंडाळून ठेवलं. लाजर बाहेर आला तोही कापडाच्या पट्ट्यांत बांधलेला. शुभवर्तमानात कुणीच खिळे ठोकलेल्या पेटीत गेलेलं नाही. बरं, ज्या गोऱ्यांच्या मुलखातून पेटी आपल्याकडे आली, तिथंही ती गरिबाच्या वाट्याला उशिराच आली. इंग्लंडात तीन-चारशे वर्षांपूर्वी गावच्या चर्चमध्ये एकच पेटी असायची. तीत घालून कबरीपर्यंत न्यायचं, तिथं मयत काढून कापडात ठेवायचं, आणि पेटी परत आणून दुसऱ्यासाठी ठेवायची. १६७८ साली तर तिथं कायदाच केला की कफन लोकरीचंच हवं, म्हणजे तिथल्या लोकरीचा धंदा चालेल. मेलेल्यानंसुद्धा गिऱ्हाईक व्हायचं! हे मी दादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी तिथंबी घोंगडीच."

२०२२ च्या जानेवारीत पेपरात आलं, आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांना त्यांच्या सांगण्यावरून सगळ्यांत स्वस्त पेटीत नेलं. साधी पाईनची, मुठी दोरीच्या. आत्यानं कात्रण कापून दादांच्या उशाला ठेवलं. दादांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "तो बिशप होता. त्याला स्वस्तात जाता येतं."

मला वाटतं, या सगळ्या प्रश्नाचा गाभा या एका वाक्यात आहे, आणि तो दादांनी धरला होता. कापड निवडणं वेगळं आणि कापडातच जावं लागणं वेगळं. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं. तेच मांजरपाट, तोच खड्डा. ज्याच्याजवळ पेटी आहे त्यानं ती बाजूला सारली तर तो साधेपणा, आणि ज्याच्याजवळ नाही त्याचं तेच दैन्य. आत्याच्या म्हणण्यात हे धरूनच चाललेलं होतं. ती म्हणतच होती की मला परवडते म्हणून मी नको म्हणते. दोघांचं भांडण लोकांना वाटायचं तितकं उलटसुलट नव्हतं. दोघंही एकाच लाजेशी झगडत होते. दादांनी ती लाज झाकणानं झाकली. आत्या म्हणत होती, झाकण काढू, म्हणजे ज्याच्याकडे झाकण नाही त्याला लाज उरणार नाही.

पण काढायचं ते आपल्या पेटीचं, दुसऱ्याच्या नव्हे. ऑस्ट्रियाच्या जोसेफ दुसऱ्या बादशहाला हे कळलं नाही. माणूस सुधारक होता, हेतू चांगला. १७८४ साली त्यानं फर्मान काढलं की मयत कापडाच्या पिशवीत शिवून पुरायचं, पेटी पुरायची नाही. लाकूड वाचेल, देह लवकर मातीला मिळेल. न्यायला एकच पेटी, तिच्या तळाला उघडणारी झडप, मयत खाली सोडायचं आणि पेटी परत. एकूण एक मुद्दा बरोबर. पण लोक एवढे खवळले की १७८५ मध्ये त्याला ते मागं घ्यावं लागलं. गरिबांना आपला बाप झडपेतून खाली पडलेला बघवेना. तीच साधी पिशवी बादशहानं आधी स्वतःसाठी मागितली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात येतो. अर्थात, बादशहाच तो.

आत्या त्याच वर्षी गेली, भाद्रपदात. तीन दिवस पाऊस. झोपेतच गेली, तिच्या मनासारखं. ट्रंकेत वरच कापड होतं, नऊ मीटर मांजरपाट, दुकानाची पावती टाचणीनं लावलेली. पावती कशाला, असं मी मनात म्हटलं, आणि मग कळलं. ती दादांसाठी होती.

दादांनी पावती वाचली. तारीख वाचली, रक्कम वाचली. पाचशे नव्वद रुपये. कापड नाकाशी नेलं. कोऱ्या कापडाला खळीचा वास असतो, तो त्यांनी घेतला. मग म्हणाले, "कोरं हाय. तिच्या पैशाचं हाय." आणि सुतारमामाच्या पोराला फोन लावायला निघालेल्या माझ्या चुलत्याला त्यांनी हातानं थांबवलं.

लोक काय म्हणाले ते सांगत बसत नाही. म्हणायचं ते म्हणाले.

अडचण वेगळीच निघाली. कापडात कसं ठेवायचं हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. पेटी चार नाड्यांवर सोडायची असते, तेवढं आम्हाला येतं. शेजारचे चाचा आले. त्यांनी सगळं दाखवलं. त्यांच्यात पुरुषाला तीन कापडं, बाईला पाच; ते तुमचं नसेल तर राहू द्या म्हणाले, पण खाली दोन माणसं उतरवा, झोळीसारखं धरून द्या, ओढू नका, आणि वरून फरश्या आडव्या टाका म्हणजे माती अंगावर पडत नाही. माती अंगावर पडते हेच सगळ्यांना बघवणार नव्हतं. चाचांच्या पोरांनीच शेतातल्या जुन्या गोठ्याच्या शहाबादी फरश्या ट्रॅक्टरमध्ये घातल्या.

कबर खणली होती काळ्या रानात. बादल्यांनी पाणी उपसलं तरी तळाला चिखल. वर छत्र्या धरून मंडळी उभी, पाळकसाहेब शास्त्रपाठ वाचतायत, आणि त्या चिखलात पांढरं कापड ठेवायचं कसं म्हणून कुणाचा हात पुढं होईना. खरं सांगतो, त्या वेळी पेटीचं महत्त्व मलाही पटलं. फळी चिखल अडवते. आपल्या माणसाच्या पाठीला चिखल लागू नये, यात कसला आलाय खोटा मान?

दादा तेव्हा एक्क्याऐंशीचे. धोतर खोचलं आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत कबरीत उतरले. "पाला द्या," म्हणाले. लिंबाचे डहाळे आणलेले होते ते त्यांनी अंथरले. पुरेनात. मग पाचट मागितलं. उसाच्या पाचटाची पेंढी कुणीतरी पळत आणली. पाचट, त्यावर लिंब, त्यावर पुन्हा पाचट, असं त्यांनी हातानं दाबून दाबून केलं, जसं आम्ही कांद्याच्या चाळीत खाली करतो. चांगली हातभर गादी झाली. मग ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि हात वर केले. "द्या आक्काला."

खिळे ठोकायचे नव्हते. त्यामुळे तो हंबरडाही उठला नाही. सुतारमामाच्या पोरानं मला नंतर सांगितलं की त्याला फार चुकल्यासारखं झालं, हातोडा न आणता मयतीला यायची त्याची पहिलीच वेळ. फरश्यांवर माती पडायला लागली तेव्हा आवाज पेटीवर पडल्यासारखाच आला. हे कुणाच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात ती कबर खचली नाही. फरश्यांमुळे असेल.

पुढं पंच कमिटीत ठराव आला: जागा कमी, खर्च फार, तेव्हा यापुढे मंडळीत कुणालाच पेटी नाही. आत्याचं उदाहरण ठरावात घातलं होतं. मी विरोध केला. मंडळींना नवल वाटलं, कारण त्यांच्या हिशेबी मी आत्याच्या बाजूचा. मी जोसेफ बादशहाची गोष्ट सांगितली. फारशी कुणी ऐकली नाही. मग दादांना बोलावलं. ते म्हणाले, "आक्कानं सोताचं कापड आनलं होतं. तुमी दुसऱ्याला कापड वाटायला निघाला. ते आपल्याकडं पूर्वी होतंच." ठराव बारगळला. ठरलं एवढंच, की देवळात मजबूत पेटी एक करून ठेवायची. न्यायला ज्याला हवी त्यानं ती वापरावी, आत कापड आहे की आणखी काय हे ज्याचं त्यानं बघावं. नगरच्या सागवानाची केली, पितळी कड्यांची. सुतारमामाच्या पोरानं मजुरी घेतली नाही.

दादांना मात्र स्वतःला पेटीच हवी आहे, पुरायची. फळ्या त्यांनी निवडून माळ्यावर टाकल्यात, बांधावरचा आंबा वादळात पडला त्याच्या. दर उन्हाळ्यात खाली काढून वाळवी बघतात. मी एकदा विचारलं, "दादा, आता तर बघितलंत ना सगळं?" म्हणाले, "बघितलं. चांगलं झालं तिचं. मला पेटी." त्यांना मिळेल. त्यात माझं मत घालायचं कारण नाही.

गेल्या पंधरवड्यात वस्तीतली एक म्हातारी आली. लेकीकडे राहते, रोजंदारी आता होत नाही. दारातच बसली, आत ये म्हटलं तर नको म्हणाली. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "आक्कावानी कापडात जायाचं तर कोरं मांजरपाटच लागतं का? का ठेवणीतलं पातळ चालंल?"

"कुणाचं पातळ?"

"माझंच की. थोरलीच्या लग्नात घेतलेलं. दोन डाव नेसले असंल."

पिशवीत आणलंच होतं. हिरवं, बारीक काठाचं, घडीवर पिवळसर रेघ पडलेली. मी म्हटलं चालेल. तिनं ते माझ्या बायकोला उलगडून दाखवलं, कुठं कसर लागलीय का ते दोघींनी उजेडात धरून बघितलं, आणि पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवलं.